कॅमेरा सुरू करता येत नाही

ताईच्या धाकट्या भावाला जन्मापासून ऐकू येत नाही, आणि ताई जन्मापासून कुणाचं ऐकत नाही. म्हणून तर दोघांचं इतकं जमतं, असं आई म्हणायची. शाळा असो, दवाखाना असो, त्याच्या हातांच्या खुणा ताईच्या तोंडून बाहेर पडायच्या. आता फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश विभागाच्या मुकादमाची जागा निघाली होती. आजवर दुसऱ्यांच्या हाताखाली राबलेल्या धाकट्याला ती जिवापाड हवी होती. मुलाखत व्हिडिओवर होती.

नुसता चेहरा दिसून भागणार नव्हतं, खुणा करणारे हातही दिसायला हवे होते. म्हणून सकाळीच ताईने कॅमेरा लावून पाहिला, लॅपटॉपखाली डबे रचले, धाकट्याला मागेपुढे सरकवून नीट बसवलं. आणि आता ऐन वेळी मीटिंगमध्ये नुसती काळी चौकट.

'कॅमेरा सुरू करता येत नाही,' एवढंच पडद्यावर येत होतं. का येत नाही, ते सांगायची मेहरबानी नाही. तिने काच बाहीने पुसली. सेटिंगमध्ये जाऊन जिथे दिसेल तिथे होकार दिला. मीटिंगमधून बाहेर पडून पुन्हा आत शिरली. कॅमेऱ्याचा दिवा मात्र खुशाल लागलेला.

"जागा आहेस ना? मग सोंगं कसली करतोस मेल्या?" ती कॅमेऱ्यावर खेकसली. धाकट्याने तिचा कोपर हलवला. तिने त्याला झटकून टाकलं.

"आवाज येतोय, पुरे झालं," पलीकडचे साहेब म्हणाले. "त्यांच्या वतीने तुम्हीच सांगा."

पुरे? ज्याची मुलाखत तो दिसतच नाही, आणि म्हणे पुरे. ताईच्या मस्तकात तिडीक गेली. पण नोकरी हातची जाईल या धास्तीने तिने राग गिळला आणि बोलायला लागली. पॉलिशला बुडबुडे आले तर काय कराल? तिला ठाऊक होतं. हाताखालची माणसं कशी सांभाळाल? तेही तिने ठोकून दिलं. 'काय विचारलं?' धाकट्याने खुणेने विचारलं. 'मग सांगते,' तिने हात हलवला. हे 'मग' त्याच्या चांगल्या ओळखीचं होतं. बहुतेकदा ते यायचंच नाही.

त्याने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. दिवा लागलाय म्हणजे कॅमेरा दुसरीकडे कुठेतरी चालू आहे, हे त्याने केव्हाच हेरलं होतं. ताईने सकाळी उघडलेली कॅमेऱ्याची खिडकी मागे तशीच राहिली होती. त्याने ती बंद केली. मीटिंगच्या चौकटीत दोघं दिसायला लागली. ताईला हायसं वाटलं, आणि चूक आपलीच निघाल्याचा संतापही आला.

"वा, दिसलात," साहेब म्हणाले. "त्यांना काही सांगायचंय का?"

ताईने खुणेने विचारलं. धाकट्याने कॅमेऱ्याकडे बघत सावकाश हात हलवले. 'मग,' ताईने त्याला हात हलवून खुणावलं. तिच्याकडे वळून त्याने तेच पुन्हा सांगितलं, तितक्याच सावकाश. साहेब वाट पाहत होते, आणि हे सांगायला तिच्याशिवाय दुसरं तोंड नव्हतं.

"आतापर्यंतची उत्तरं माझ्या बहिणीची होती," तिने त्याचे शब्द उच्चारले. "तुम्ही काय विचारलंत, ते मला तिने सांगितलेलं नाही. पहिल्यापासून विचारा. मला विचारा."