पाळण्याखालचं पीठ

बाभळ तोडली की ती पावसाळाभर नदीच्या डोहात बुडवून ठेवायची आणि मगच घराला लावायची, ही आमच्या चिखलीची रीत. नाहीतर लाकडाला भुंगा लागतो. पण माझे वडील त्या वर्षी पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात लागले होते आणि त्यांना तिथलं वारं लागलं होतं. "तितं मशीन धडाधडा माल काढतंय, अन् आमी लाकूड भिजवत बसायचं व्हय?" म्हणत त्यांनी न भिजवलेलीच तुळई चढवली. तिच्याच कडीला माझ्या धाकट्या बहिणीचा पाळणा टांगला.

एका सकाळी आईला सारवलेल्या जमिनीवर, पाळण्याखाली, चिमूटभर पिवळसर पीठ दिसलं.

"जात्याचं आसंल," वडील म्हणाले.

आईने ते बोटांत चोळलं. "आवो, पिठाला मुंग्या लागत्यात. ह्याला एक तरी आलीया का?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. आई पाळणा काढू म्हणाली, तसे वडील भडकले. "माझं लाकूड किडकं ठरवती व्हय? पाळणा काढायचा न्हाई!" पडलो तरी नाक वर, असा माणूस. मी त्यांचीच लेक, म्हणून सांगते.

बारशाला वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात निजवतात, तसा आईने वरवंटा निजवला आणि बाळ स्वयंपाकघरात नेलं. मला दम दिला, "बोललीस तर बघ." वडील शिफ्टवरून आले की बाळ निजलंय असं समजून कौतुकाने झोका देत आणि मी तोंड दाबून हसे.

चौथ्या संध्याकाळी झोका देऊन ते पाय धुवायला अंगणात गेले, आणि आत धाडकन आवाज झाला. तुळईच्या ढलपीसकट कडी निसटून पाळणा खाली आदळला होता. वरून भुसा गळत होता. वडिलांनी धावत येऊन कुंची छातीशी धरली आणि हंबरडा फोडला, "माझी बाय गं!" आई बाळाला घेऊन आली. ते डोळ्यांनी दिसत असूनही त्यांच्या हातून वरवंटा सुटेना. माझ्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

नवी बाभळ पावसाळाभर डोहात राहिली. सुट्टीला ते आम्हा सगळ्यांना ती बघायला नेत. नदीकाठच्या त्या दुपारी मला फार आठवतात.

पुढे बहिणीच्या लेकाचं बारसं तिच्या सिमेंटच्या घरात झालं. पाळणा लोखंडी होता. टवका उडालेला तोच वरवंटा वडिलांनी पिशवीतून आणला होता, पण तो आत ठेवण्याआधी ते गुडघ्यांवर बसले आणि पाळण्याखालची फरशी त्यांनी बोटाने पुसून पाहिली.