मावशींचा हात

प्रयोगशाळेत सगळे त्यांना अळ्यांच्या मावशी म्हणत. पिकांची नासाडी करणाऱ्या अळ्या मावशींनी सव्वीस वर्षं डोळ्यांत तेल घालून वाढवल्या, त्याही मारण्यासाठीच. नवं औषध पारखायचं तर आधी धडधाकट अळी नको का? हरभऱ्याचं पीठ, यीस्ट आणि ते थिजायला आगर शिजवून खाणं करायचं, खणाखणांच्या ट्रेमध्ये ओतायचं आणि एका खणात एकच अळी सोडायची. दोन सोडल्या की सख्खी भावंडंही एकमेकांचा फडशा पाडतात. "अगदी आमच्या सासरच्यांसारख्या," असं मावशी पूर्वी म्हणायच्या.

हल्ली विनोद करायचंही त्राण उरलं नव्हतं. घरी आई वर्षभर अंथरुणाला खिळलेली, तिची वाचाही गेलेली. सकाळी तिचं आवरून इकडे, इकडचं आवरून तिच्याकडे. स्वतःच्या मधुमेहाच्या गोळ्या राहून जात. त्यात गेले पंधरा दिवस आई घासाला तोंडच उघडेना. "आता तूही नखरे कर," म्हणत मावशी वैतागून तिची हनुवटी धरत आणि मऊ भाताचा चमचा आत सारत.

इकडे अळ्यांचीही तीच तऱ्हा. लागोपाठ तीन ट्रे खुरटले. ही पिढी हातची गेली असती, तर सव्वीस वर्षं जपलेला वंश संपला असता. नव्या मॅडम हवालदिल झाल्या होत्या.

"मावशी, जीवनसत्त्वं खाणं निवल्यावरच घालता ना? गरमात घातली तर वाया जातात."

"मला शिकवताय होय?"

भिंतीला दोन थर्मामीटर टांगलेले असत. मावशी मात्र पातेल्याला हाताची मागची बाजू लावून बघत. हात टिकला की खाणं निवलं. या हातानं कधी दगा दिला नव्हता.

आजही त्यांनी हात लावला, बराच वेळ ठेवला. "झालं. घाला आता."

मॅडमनी एक थर्मामीटर काढून पातेल्यात बुडवला. अठ्ठ्याहत्तर अंश.

"मावशी, हात बघू."

बोटांच्या सांध्यांवर लालभडक चट्टे उठले होते. एक जुना फोड सुकून काळा पडला होता.

"चटका बसत नाही?"

"कुठे काय? काहीच लागत नाही."

मॅडमचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे अळ्यांना रोग नाही! पुढचा ट्रे नीट होईल, मावशी. सुटलो आपण. पण तुम्ही उद्याच डॉक्टरांकडे जा बरं."

मावशी नळाखाली हात धरून उभ्या होत्या. पाणी थंड आहे की कोमट, तेही त्यांना कळेना. आईचा भातही त्या याच हातानं बघत. वाटीला हात लावायचा, टिकला की पहिला चमचा. काल आईच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा "रडून काही होणार नाही" असं त्याच म्हणाल्या होत्या.

"मॅडम, मी घरी जाते."

"आत्ता? खाणं ओतायचंय अजून."

"तुम्ही ओता," मावशी म्हणाल्या. त्यांनी भिंतीवरचा दुसरा थर्मामीटर काढून पिशवीत टाकला. "हा मला द्या. आईला बोलता येत नाही हो."