अर्धं पाऊल मागे

"घ्या हो तो बेल्ट."

"नाही घेत."

"पास झाला आहात तुम्ही!"

"तेच विचारतेय मी. कशी काय झाले?"

सरांनी कपाळाला हात लावला. हॉलमधल्या मॅट गुंडाळून झाल्या होत्या. परीक्षा घ्यायला आलेले मोठे सर चहा घेऊन, कागदांवर सह्या ठोकून केव्हाच निघून गेले होते. उरले होते दोघंच. छत्तीस वर्षांचे सर, ज्यांच्या हातात नवा कोरा तपकिरी बेल्ट होता. आणि एक्कावन्न वर्षांची लाँड्रीवाली, जिने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते. जणू नजर चुकली की सर तो बेल्ट तिच्या मुठीत कोंबणार होते.

"माझ्याबरोबरची ती नर्स नापास आणि मी पास," ती म्हणाली. "चूक दोघींची एकच. जुळ्या बहिणींसारखी. मग हा कुठला न्याय?"

"तुमचं वय बघता..."

"वयाला मध्ये आणू नका. काता वयाने नाही केला, मी केलाय."

कराटेत काता म्हणजे समोर कुणीही नसताना चारी बाजूंनी शत्रू चालून आलेत असं धरून, ठरलेल्या क्रमाने केलेली लढाई. इतकी पावलं पुढे, मग वळण, वार, इतकी पावलं मागे. त्यात सूट नसलेली एक गोष्ट असते : जिथून सुरुवात केली तिथेच येऊन थांबायचं. परीक्षेच्या दिवशी त्यासाठी जमिनीवर पांढरी चिकटपट्टी लावतात. आज दोघी शेजारीशेजारी पट्टीवर उभ्या राहिल्या, आणि थांबल्या तेव्हा दोघींचीही पावलं पट्टीच्या अर्धं पाऊल मागे होती. मोठ्या सरांनी नर्सच्या कागदावर फुली मारली. "तीन महिन्यांनी या." मग लाँड्रीवालीकडे बघून कौतुकाने मान डोलवली आणि बरोबरची खूण केली.

ही बाई कराटेत शिरली ती एका पिवळ्या रंगापायी. सहा वर्षं झाली त्याला. क्लासचे कपडे तिच्याच लाँड्रीत यायचे. काउंटरवर नवरा, मागच्या खोलीत मशीन, बॉयलर, इस्त्रीचं भलंमोठं टेबल आणि ती. एकदा कुणीतरी ड्रेसच्या गुंडाळीत नवा पिवळा बेल्ट तसाच ठेवला. तिने बघितला नाही. एकोणीस पांढरे ड्रेस लिंबासारखे होऊन बाहेर आले.

नवरा म्हणाला, "मी नाही जाणार तोंड दाखवायला."

मग तीच गठ्ठा घेऊन हॉलवर गेली. माफी मागायची आणि चार गोष्टी सुनवायच्याही, असा दुहेरी बेत होता.

"बेल्ट कधीच धूत नाहीत, काकू," सर म्हणाले होते.

"का बरं?"

"त्यात माणसाची मेहनत उतरलेली असते."

"आमच्याकडे त्याला मळ म्हणतात."

सर हसले होते. ती निघणार एवढ्यात मागून आवाज आला. फट्! रांगेतल्या एका मुलीने ठोसा मारला होता आणि तिच्या बाहीचं कापड वाजलं होतं. आयुष्यभर इस्त्री फिरवलेल्या बाईला कापडाचे सगळे आवाज ठाऊक होते. ओलं कापड कसं वाजतं, खळ जास्त झालेलं कसं, विरलेलं कसं. पण हा आवाज कापडाचा नव्हता, हाताचा होता. अर्धा तास ती दारातच उभी राहिली. पुढच्या आठवड्यात तिने एक ड्रेस स्वतःच्या मापाचा करून घेतला, त्याला अशी इस्त्री केली की घडीवर भाजी चिरावी, आणि रांगेत शेवटी, नऊ वर्षांच्या एका पोरीच्याही खाली जाऊन उभी राहिली. पहिल्याच दिवशी नाव पडलं : कडककाकू.

पांढऱ्यावरून पिवळा व्हायला आठ महिने लागले. नारिंगीला ती एकदा नापास झाली, कारण वार करताना पोटातून ओरडायचं असतं आणि तिच्या तोंडून आवाजच फुटेना.

"गिऱ्हाइकांवर ओरडता ना?" सरांनी विचारलं.

"त्याला काही कारण असतं."

नंतर तिने कारण शोधलं. कुठलं ते कुणाला सांगितलं नाही, पण हॉलच्या खिडक्या थरथरल्या. मग हिरवा. मग निळा, ज्यावर ती दीड वर्ष अडकून होती.

"आता पुढचा रंग कुठला?" नवऱ्याने एकदा पावत्या लावता लावता विचारलं.

"तपकिरी."

"अंगावर चहा सांडल्यासारखा दिसेल."

"दिसू दे."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर काळा. तपकिरीपर्यंत विद्यार्थी, काळ्यापासून खरी सुरुवात, असं सर म्हणतात."

"सहा वर्षांनी सुरुवात? आमच्या बॉयलरला एवढा वेळ लागला असता तर दुकान बंद करावं लागलं असतं."

तपकिरीसाठी हा नवा काता होता. नर्सच्या ड्यूट्या अशा उलटसुलट की चार महिन्यांत तिला जेमतेम सहा वेळा क्लासला येता आलं. "ताई, तुमच्याकडे येऊ का?" ती म्हणाली. मग दुपारी शटर अर्धं ओढून, टेबल आणि मशीन यांच्यामधल्या जागेत दोघींची तालीम सुरू झाली. वाफेत कपडे अंगाला चिकटायचे. नर्स प्रत्येक वेळी विचारायची, "असंच ना, ताई?" आणि ही म्हणायची, "असंच. माझ्या पायाकडे बघ."

माझ्या पायाकडे बघ. आज पट्टीच्या मागे उभं राहिल्यापासून हेच वाक्य तिच्या डोक्यात फिरत होतं.

"सर," ती म्हणाली, "एक मिनिट बाजूला व्हा."

"आता काय करताय?"

"मोजतेय."

ती पट्टीवर उभी राहिली. निळा बेल्ट कमरेवर नीट बसवला आणि काता सुरू केला. वेग नाही, जोर नाही, नुसती पावलं. डावीकडे वळण. अडवणूक. पुन्हा समोर. पुढे एक. पुढे दोन. पुढे तीन...

ती थांबली. तिसरं पाऊल अर्ध्यावरच टेकलं होतं.

तिने खाली बघितलं. समोर रिकामी फरशी. पंचवीस फूट मोकळा हॉल.

"इथे टेबल आहे," ती म्हणाली.

"कुठे?"

"इथे. इस्त्रीचं. या बाजूचा पाय. पाऊल पूर्ण टाकलं तर नडगी आपटते. पहिल्या आठवड्यात दोनदा आपटली, तिसऱ्या वेळेपासून पायच शहाणा झाला." ती वळली, तिथूनच तीन पूर्ण पावलं परत आली आणि बोट खाली दाखवलं. पट्टीच्या अर्धं पाऊल मागे. "जाताना अडीच, येताना तीन. बघा."

सरांनी वाकून पट्टी आणि तिचं पाऊल यांच्यातलं अंतर वितीने मोजलं.

"क्लासमध्ये कसं दिसलं नाही मला?"

"क्लासमध्ये तीस जण असतात. शेजारच्याकडे बघून माणूस आपोआप सावरतं. तिच्या शेजारी मीच होते आज."

"बरं," सर म्हणाले. त्यांचा आवाज जरा मोकळा झाला. "म्हणजे कारण सापडलं. उद्या दुरुस्त होईल. तुमची बाकीची परीक्षा उत्तम होती, खोटं नाही बोलत. घ्या आता."

"तिची पण उत्तम होती."

"होती. पण सह्या झाल्या आहेत. मोठ्या सरांना फोन करून काय सांगू, लाँड्रीतलं टेबल मध्ये आलं?"

"सांगा की. खरंच आलं."

"कडककाकू, जरा माझाही विचार करा. पन्नाशीतली बाई तपकिरी बेल्टवर, हे बघून चार बायका येतील इथे. मी तुमचा फोटो लावणार होतो दाराशी."

"मग खाली लिहा, अर्धं पाऊल मागे."

सर हसले नाहीत. दारापलीकडे पायरीवर नर्स बसली होती. तिची पाठ दिसत होती. एका बुटाची नाडी बांधून झाली होती, दुसरा बूट नुसताच हातात होता. मघा जाताना ती इतकंच म्हणाली होती, "माझंच लक्ष नव्हतं, ताई. रात्रपाळीने डोकं चालत नाही." आणि हिने त्यावर काहीही म्हटलं नव्हतं. पास झाल्याचा आनंद तोवर अंगात होता. खोटं कशाला, होताच.

तिने आपली पिशवी उचलली.

सरांनी बाहेर बघितलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. ते जवळ आले, आवाज खाली आणला.

"तिला सांगणार आहात?"

ती चप्पल शोधत होती.

"ऐका माझं. तिला वाटतंय तिची चूक झाली. तीन महिन्यांत ती करून टाकेल दुरुस्त, तरुण आहे. तुम्ही सांगितलंत तर पुन्हा येईल का ती तुमच्याकडे शिकायला? आणि तुमचा हा बेल्ट? सहा वर्षं थांबलात यासाठी. नारिंगीला रडला होतात तुम्ही, मला आठवतंय. आता मी काय करू याचं? घडी करून कपाटात ठेवू?"

सरांनी बेल्ट पुढे धरला. कारखान्यातली घडी अजून तशीच होती, मधोमध कडक रेघ उमटलेली. तिची नजर सवयीने त्या रेघेवर गेली, जरा थांबली.

मग ती दाराशी गेली. रोजच्यासारखी हॉलकडे तोंड करून वळली, दोन्ही हात मांड्यांशी चिकटवले, कमरेतून पूर्ण वाकून नमस्कार केला. सर बेल्ट धरून उभेच होते. तिने चपला पायात सरकवल्या आणि नर्सला हाक मारत पायरीकडे निघाली.