गोमुखीतला हात

घरातल्या सगळ्यांच्या वाटची भक्ती एकट्या आत्याच्या गळ्यात पडली होती. कधी आणि कोणी सोपवली, ते कुणालाच सांगता आलं नसतं. लग्न झालं नव्हतं. इस्पितळाच्या धुलाईखात्यातली नोकरी संपली, तसं धाकट्या भावाकडे देवघराच्या खोलीत तिचं अंथरूण पडलं. मग काय, देवाशेजारीच राहतेस, तर आमचंही तेवढं बघ!

भाऊ पाणीखात्यात कारकून. तो बूट हातात धरून दारातूनच हात जोडायचा आणि जोडता जोडता घड्याळ बघायचा. भावजयीचं भजनी मंडळ होतं, पण तिथे देवापेक्षा एकमेकींच्या सुनांचं नाव जास्त निघायचं. भाच्याची आरती मोबाइलमध्ये. ती लावून तो अंघोळीला जायचा आणि मोबाइल बिचारा बाहेर एकटाच आरती म्हणत बसायचा.

आत्याचं मात्र सगळं जीव ओतून. भाच्याची परीक्षा आली की स्तोत्राची एकवीस आवर्तनं. भावजयीच्या ऑपरेशनच्या वेळी तिने वहीच्या वही देवाच्या नावाने भरून काढली, बोटाला घट्टा पडला तरी. प्रदक्षिणा बोलायची भावजय आणि घालायची आत्या, कारण भावजयीचे गुडघे दुखत. आत्याचे दुखत नसावेत, असा घरात समज होता. भाचा लहानपणी तापाने फणफणला, तेव्हा हिने नऊ दिवस नुसत्या दूधपाण्यावर काढले होते. प्रत्येक वेळी तळहातावर पाणी घेऊन संकल्प सोडायचा, तो दुसऱ्याच्या नावाने. स्वतःच्या नावाने तिने एकदाही सोडला नव्हता. तसं करता येतं हे तिला सुचलंच नाही आणि इतरांना तर नाहीच नाही.

भावाच्या खात्याने नव्या घरांची सोडत काढायचं ठरवलं. अर्ज शेकड्यांनी, घरं मोजकी.

"ताई, सव्वा लाख जप धर," भाऊ म्हणाला. "तुझं तो ऐकतो."

एवढ्या एका वाक्यावर आत्या फुलून गेली. सव्वा लाख म्हणजे साडेबाराशे माळा. रोज पंचवीस, पन्नास दिवसांत पुऱ्या. एक माळ झाली की एका वाटीतला गव्हाचा दाणा दुसऱ्या वाटीत टाकायचा. पहाटे उठून ती पाटावर बसायची. माळेचा हात गोमुखीत, त्या कापडी पिशवीत, कारण जप करणारा हात कुणाला दिसू द्यायचा नसतो. भावजय येताजाता वाटीत डोकावून दाणे किती सरकले ते बघायची.

साडेआठशे माळा झाल्या त्या दिवशी भाच्याने नव्या घराचा नकाशा टेबलावर पसरला. ही आईबाबांची खोली, ही माझी, हा हॉल.

"देवघर?" आत्याने विचारलं.

"भिंतीत कपाट केलंय ना. दार लावलं की दिसतसुद्धा नाही."

"आणि मी?"

उत्तर भावजयीने दिलं. "ताई, तुमच्यासाठी एक छान जागा पाहून ठेवली आहे. तुमच्याच वयाच्या बायका आहेत, रोज प्रार्थना, भजन... तुम्हाला देवाधर्माची एवढी आवड. इथे आमच्या गडबडीत तुमचं लक्ष तरी कुठे लागतं?"

भाऊ नकाशातलं स्वयंपाकघर बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी आत्या पाटावर बसली, हात गोमुखीत गेला आणि तिथेच थांबला. मणी पुढे सरकेना. सरकवायचाच नव्हता तिला. एक माळ राहिली तरी जप अपुरा, आणि इथे तर चारशे राहत होत्या. जप अपुरा तर घर नाही आणि घर नाही तर आपण आहोत तिथेच, असा तिचा सरळ हिशेब होता. ओठ मात्र ती हलवत राहिली आणि दाणेही रोज पंचवीस टाकत राहिली. देवासमोर बसून अशी लबाडी करताना तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, तरी ती हटली नाही.

सोडतीत भावाचं नाव निघालं. पहिल्याच यादीत.

भावाने घरी येऊन तिच्या पायांवर डोकं ठेवलं. "ताई, तुझ्या जपाचं फळ!"

"मी जप केलाच नाही रे," आत्या म्हणाली. "साडेआठशेवर सोडून दिला."

"ऐकलंत? हा हिचा मोठेपणा!" भाऊ डोळे पुसत म्हणाला.

मग त्या पोराचा ताप कोणी उतरवला होता? ऑपरेशन कशाने पार पडलं? आत्या सामान बांधताना हेच घोकत होती. इतक्या वर्षांचं उपाशी राहणं, चालणं, लिहिणं, सगळं पाण्यात गेल्यासारखं वाटत होतं. त्या छान जागेत सहा खाटांच्या खोलीत तिला खिडकीजवळची खाट मिळाली. तिथल्या प्रार्थनेला ती जात नसे. माळ ट्रंकेच्या तळाशी गेली होती.

वर्षाने भावाचा फोन आला. "ताई, पोराला परदेशात नोकरी लागतेय, पण कागद अडलेत. सव्वा लाख धरतेस का?"

आत्या नाही म्हणणार होती. पण पोरगा गेला की त्याची खोली रिकामी होणार. हे मनात आलं आणि तिने ट्रंक उघडली. माणसाची आशा काही सुटत नाही. पन्नास दिवस तिने खरोखर जप केला, गुडघे सुजले तरी पाट सोडला नाही, आणि संकल्पात भाच्याच्या नावामागून आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचंही नाव घेतलं. एक माळ चुकली असेल अशी शंका येऊन वर आणखी अकरा केल्या.

कागद सुटले. भाचा गेला. आत्याने साड्यांच्या घड्या करून पिशवी भरली आणि फोनची वाट बघत बसली. चार दिवसांनी भावाचा फोन आला.

"ताई, काय सांगू! तुझाच आशीर्वाद."

"त्याची खोली आता रिकामीच असेल," आत्या म्हणाली.

"छे गं, रिकामी कसली! हिचं भजनी मंडळ बसतं ना तिथे आता. पेटी, तबला, सगळं मांडलंय." भाऊ मोठ्या समाधानाने म्हणाला, "आणि देवाचंच काम आहे, म्हटल्यावर तुला तर आनंदच होईल."