उन्हानं मेलेले मासे

भातावर फवारायच्या औषधाचा उग्र वास आला की मला आमच्या कळंबचा डोह आठवतो. एका वैशाखात पाणी कमरेएवढंच उरलं होतं. मासे झटपट मिळावेत म्हणून मी त्यात हेच औषध ओतलं. मोठे मासे बाजारात गेले, बारके पांढऱ्या पोटांनी तरंगत राहिले. जेवताना सात वर्षांच्या लेकीनं विचारलं, "बाबा, डोहातलं मासं कशानं मेलं?" मी ताटाकडे बघत म्हणालो, "उन्हानं. पानी तापलंय." "मंग गार पानी वतू ना!" बायको हसली, "जा, बापाला पन ने संगती." मीही हसलो. थोड्या वेळानं बघतो तर कळशी जागेवर नाही. धावत गेलो. पोर गुडघाभर पाण्यात उभी राहून विहिरीचं पाणी डोहात ओतत होती. तिला उचलून घरी आणलं, साबणानं पाय घासले आणि संध्याकाळपर्यंत तिचा श्वास बघत बसलो. "एवढं काय झालं वो?" बायको विचारत राहिली, पण माझ्या तोंडून खरं निघालं नाही. लेक वाचली. आज डोहात मेलेले मासे बघून तिचा मुलगा तोच प्रश्न विचारतो, तेव्हा ती सांगते, "उन्हानं मरतात रं. आजाला इचार." पोरगं माझ्याकडे बघतं, आणि मी मान डोलावतो.