गोपिकाच्या कॅमेऱ्याची पूजा

दसऱ्याच्या सकाळी मी चिंच लावून देवाची भांडी घासत होते. तांब्या अर्धाच उजळला होता, तेवढ्यात गच्चीवरून गोपिका ओरडली, "काकू, कॅमेऱ्याले कुंकू काहून लावलं?"

गोपिका खापा गावची. महाल भागातल्या आमच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहते. पीएचडी झाली तरी पोरगी अजून शिकूनच राहिली आहे. भर वस्तीत उदमांजर राहतं, असं तिनं संशोधनाच्या सरांना सांगितलं. सर म्हणाले, फोटो दाखव, नाहीतर हा विषय सोड. म्हणून तिनं गच्चीवर काही हललं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बांधला. त्यात आजवर फक्त आमचे हे, मनोहरराव निघाले, लुंगीत जोर काढताना.

"काल खंडेनवमी होती न वं. तुझं हत्यार तेच," मी चिंचेच्या हातांनीच वर जाऊन म्हटलं. "म्हणून कुंकू, झेंडूचा हार अन् केळ्यांचा नैवेद्य."

रात्रभर वाऱ्यानं हार हलला की फोटो निघत होता. नुसता झेंडूच झेंडू! गोपिका रडवेली होऊन एकेक फोटो डिलीट करत होती. मधेच थांबली. कडेला कुंकवाचा डाग, वर झेंडूची झालर, अन् मधोमध ऐटीत केळं खाणारं उदमांजर!

पोरगी मला अशी बिलगली की चिंच तिच्याही ड्रेसला लागली. मग म्हणाली, "पण काकू, आमिष काय ठेवलं ते सरांले लिहून द्यावं लागते."

"आमिष कसलं वं? नैवेद्य लिही!"

तिनं खरंच तसं लिहिलं. केळी मात्र सगळी संपली. आता तांब्या घासून झाला की बडकस चौकातून पुन्हा नैवेद्याची केळी आणायची आहेत.