भित्रे नाना आणि चार नंबरचं तेल

कोल्हापुरात "मला भ्या वाटतंय" असं चारचौघांत म्हणणारा पुरुष मी एकच पाहिला. तो गाड्यांचे गिअरबॉक्स उघडणारा मिस्त्री होता. आमच्याकडे माणसाला विंचू चावला तरी तो "काय न्हाय वो, मुंगी हुती" म्हणणार. नानांचं तसं नव्हतं. उद्यमनगरातल्या त्यांच्या गॅरेजात कुणी गाडी घेऊन आलं की ते आधी गाडीकडे बघायचे नाहीत. गाडीवाल्याच्या तोंडाकडे बघायचे आणि विचारायचे, "पावणं, घाटाला भिता काय?" समोरचा छाती काढून "छ्या!" म्हणाला की नाना दोन पावलं मागे सरायचे. "मग तुमची गाडी करतो, पर तुमच्या गाडीत बसणार न्हाय."

आणि खरंच बसायचे नाहीत. चढाला बसतील, सपाटीला बसतील, पण उतार आला की "थांबवा, मी येतो चालत." त्यांची एकुलती एक लेक आंबा घाटाच्या खाली, साखरप्याला दिलेली. तिच्याकडे जाताना नाना एस.टी.नं मलकापूरवरून आंब्यापर्यंत जायचे, तिथं उतरायचे, अख्खा घाट पायी उतरायचे आणि खाली मिळेल ती गाडी धरायचे. हातात लेकीसाठी भडंगाची पिशवी. भित्रे नाना हे नाव लोक त्यांच्या पाठीमागे घ्यायचे, तोंडावरही घ्यायचे. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. "भ्यालो म्हणून जित्ता हाय की," एवढं म्हणून पान्याला हात घालायचे.

मी राजारामपुरीतल्या एका शाळेत शिकवते. तेव्हा माझा नवरा नोकरीसाठी रत्नागिरीला होता. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की सहा वर्षांच्या सईला मागे बसवायची आणि आमची जुनी गाडी घेऊन आंबा घाट उतरायचा, हा माझा नेम. नानांच्या परीक्षेत मी पहिल्याच दिवशी पास झाले. कारण घाटाला मी इतकी भीत होते की शुक्रवारी संध्याकाळपासून माझ्या पोटात गोळा यायचा. हे सांगितलं तेव्हा नानांचा चेहरा एकदम खुलला. "बसा बाई," म्हणाले, "तुमची गाडी मी मनापासनं करणार."

त्यांचा तेल बघायचा एक ठरलेला विधी होता. गिअरबॉक्समधलं जुनं तेल थेंबभर बोटावर घ्यायचं, अंगठ्यानं चोळायचं, नाकाशी न्यायचं, मग दारात जाऊन उन्हात धरायचं. पीठ दळून आणलेली बाई चिमटीत घेऊन बघते ना, तसं. काळं असलं तर ठीक. त्यात बारीक सोनेरी चमक दिसली की नाना डोळे मिटून घ्यायचे. ते सोनं म्हणजे गिअर अलगद पाडणाऱ्या आतल्या पितळी रिंगांची झीज.

नवीन तेल घालायची वेळ आली तेव्हा त्यांनी मला गाडीचं पुस्तक आणायला लावलं. ते पुस्तक आमच्या घरी डुगडुगत्या कपाटाच्या पायाखाली होतं. ते काढून आणलं आणि मी इंग्रजीतलं मोठ्यानं वाचलं. नाना शाळेतल्या पोरासारखे हात बांधून ऐकत होते. "आता ऐका," म्हणाले. "पयला आकडा तेलाची जाडी सांगतो. लई जाड घातलं तर थंडीत सकाळचा गिअर पडंना, लई पातळ घातलं तर दातं एकमेकाला खात्यात. फुडं जी.एल. लिवलंय, त्याच्या म्होरचा आकडा त्यातलं औषध सांगतो. तुमच्या पुस्तकात चार हाय. पाच नंबरात औषध जहाल असतंय. ते ट्रकाच्या मागच्या दातांना पायजेल. तुमच्या पितळी रिंगांना ते सोसत न्हाय. बापाची गोळी लहान पोराला देता व्हय?"

"म्हणजे पाच वाईट?" मी विचारलं.

"वाईट न्हाय वो! कुठल्या गाडीला पाचच सांगितलेलं असतंय. म्हणून पुस्तक वाचायचं. दुकानदाराचं ऐकू नगा, माझंबी ऐकू नगा. आणि शाळंत पाचवी चौथीच्या वर असंल, हितं तसं न्हाय."

बाईमाणसाला तेलाचा डबा आपल्या हातानं वाचायला लावणारा मिस्त्री मी तरी दुसरा पाहिला नाही. इतरांकडे गेलं की "घरात कोण हायत काय, त्यांना पाठवा" असं ऐकायची सवय.

पण छळही तितकाच. एका रविवारी त्यांनी मला गावाबाहेर कात्यायनीच्या देवळाकडच्या उतारावर नेलं. स्वतः अर्थातच गाडीत बसले नाहीत. मी पहिल्या-दुसऱ्या गिअरात रांगत होते आणि हे खिडकीला हात लावून बाजूनं झपाझप चालत ओरडत होते, "क्लच दाबा! न्यूट्रल करा! क्लच सोडा! आता रेस द्या की, द्या की रेस! परत क्लच! आता टाका!" खालचा गिअर टाकायची ही जुन्या गाड्यांची तऱ्हा, पितळी रिंगा नव्हत्या त्या काळातली: रेस देऊन आतल्या दातांचा वेग आपणच जुळवायचा. येणारे-जाणारे हसत होते. मी घामाघूम होऊन म्हटलं, "नाना, आता कुणाला लागतंय हे?" नाना धापा टाकत म्हणाले, "रिंगा काय अमरपट्टा घिऊन आल्यात?" चाळीस-पन्नास वेळा करून घेतलं त्यांनी. घरी आल्यावर माझा डावा पाय उचलेना, आणि मी नानांना मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या.

आता माझं पाप सांगते.

माझे धाकटे दीर इचलकरंजीला असतात, मागांचा धंदा आहे. त्यांना कुठलीही वस्तू घ्यायची तर दुकानातली सगळ्यात भारी घ्यायची हौस. त्या वर्षी दिवाळीला ते गिअर ऑइलचा चकचकीत डबा घेऊन आले. "वहिनी, घाटातनं जाता, हे घाला. एक नंबर हाय!" डब्यावर जी.एल.च्या पुढे पाच होता. मी वाचला. वाचला नाही असं नाही, चांगला चष्मा लावून वाचला. तेल बदलायची वेळ झालीच होती आणि नाना गावाकडे जत्रेला गेले होते. चार दिवस थांबले असते तर काय बिघडलं असतं? पण दिरांनी कौतुकानं आणलेलं. आणि जन्मभर मुलांना मार्क देत आलेली बाई मी, पाच हे चारापेक्षा बरे, हे रक्तातच भिनलेलं. नानांचं वाक्य आठवलं नाही असंही नाही. म्हटलं, एक आकड्यानं काय होतंय, उलट जास्तच चांगलं. हायवेला एका गॅरेजात तो डबा दिला आणि ओतून घेतला. त्या माणसानं मी दिलं ते घातलं, त्याचा काय दोष.

चार महिने गाडी लोण्यासारखी चालली. शिमग्याच्या सुमारास तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना आतून खर्र आवाज यायला लागला. घाटापेक्षा मोठी भीती आता नानांची. त्यांचे मिटलेले डोळे समोर यायचे. मी उद्यमनगरातला रस्ता सोडून लांबून वळसा घालून जायला लागले. सोमवारी सांगू, पुढच्या सोमवारी सांगू, असं करत एप्रिल उजाडला.

त्या शनिवारी घाटात दुपारचं रणरणतं ऊन होतं. सई मागे चिरमुरे खात बसलेली. अर्धा घाट उतरल्यावर एका तीव्र वळणाआधी दुसरा टाकायला गेले आणि खर्रकन आवाज होऊन गिअरचा दांडा हातात उलटा आला. परत ढकलला, परत खर्र. तिसरा टाकून बघितला, तोही जाईना. गाडी न्यूट्रलमध्ये, आणि उतार तिला ओढत होता. ब्रेक दाबला, वळण कसंबसं निघालं. पुढं दुसरं वळण, त्याच्या कडेला दगडी कठडा आणि कठड्यापलीकडे नुसती झाडांची टोकं. जळका वास यायला लागला. ब्रेकवरचा पाय खाली खाली जायला लागला. आरशात सई दिसत होती, मान खाली घालून चिरमुऱ्यांतले शेंगदाणे वेचत होती. त्या पोरीला आपण मारतोय, स्वतःच्या हातानं, एका डब्यानं, एवढा एकच विचार डोक्यात.

आणि मग खिडकीजवळ कुणीतरी ओरडलं. देवाशपथ सांगते, मला ऐकू आलं. "क्लच दाबा! न्यूट्रल करा! क्लच सोडा! आता रेस द्या की!"

उतारावर सुटलेल्या गाडीला आणखी रेस द्यायची. पाय धजेना. "द्या की रेस!" मी दिली. इंजिन किंचाळलं. परत क्लच, आणि दांडा खाली ओढला. खट्. दुसरा पडला. गाडीनं असा हिसका दिला की सईचे चिरमुरे माझ्या मानेवर आले. वेग मोडला. गाडी गुरगुरत, कुरकुरत, पण माणसासारखी चालायला लागली. पुढच्या रुंद जागी डोंगराच्या अंगाला लावून थांबवली. सई पुढं वाकून म्हणाली, "आई, नानाआजोबा कुठायत?" मी सगळा वेळ मोठमोठ्यानं "नाना, नाना" म्हणत होते म्हणे.

गाडी टेम्पोला बांधून उद्यमनगरात आणली. काहीही न लपवता सगळं सांगितलं, डबाही समोर ठेवला. नानांनी तेल काढलं, बोटावर घेतलं, उन्हात धरलं. सगळं बोट सोनेरी. आता कानशिलं तापेपर्यंत बोलणार, म्हणून मी मान खाली घालून उभी राहिले.

"लेक मागं हुती?" त्यांनी विचारलं.

"हो."

नाना जुन्या टायरवर बसले. बोट फडक्याला पुसत म्हणाले, "पोरी, माझ्या हातनं बी असंच झालतं." मला ते कायम बाई म्हणायचे. पोरी त्या दिवशी पहिल्यांदा. "नवा हुतो. दुकानदार म्हणला भारी हाय, मी एका टॅक्सीवाल्याच्या गाडीत घातलं. आंब्यातच त्याचा दुसरा पडंना झाला. गाडी डोंगराला घासून थांबिवली त्यानं. जीव वाचला, गुडघा गेला. त्याला आता घाट चालता येत न्हाय. म्हणून मी चालतो."

मला रडू आवरेना. मग म्हणाले, "मला भिऊन सांगितलं न्हाईस व्हय? मी काय घाट हाय?"

नव्या रिंगा बसवल्यावर त्यांनी जुन्यातली एक झिजलेली मला दिली. ती अजून माझ्या किल्लीला आहे.

पुढं माझ्या नवऱ्याची बदली कोल्हापूरला झाली, सई बारावीला गेली. नानांकडचं जाणं-येणं तसंच राहिलं. त्यांना साखर निघाली होती, पण त्याबद्दल ते बोलायचे नाहीत. गेल्या वर्षी शाळेच्या मधल्या सुट्टीत त्यांचा फोन आला. "बाई, तुमचा चष्मा घिऊन जरा या."

गेले तर एक जुनीच, पण नव्यानं रंगवलेली गाडी उभी. तिचे मालक, नुकतं लग्न झालेलं जोडपं, समोरच्या टपरीवर चहा पीत होतं. दुसऱ्या दिवशी घाट उतरून मालवणला निघणार होतं. नानांनी डबा माझ्यापुढं धरला. "अर्धं वतलंय," म्हणाले. "मग शंका आली. बोटाला काय कळंना झालंय, बधिर झाल्यात. डोळ्याला अक्षरं मुंग्यावानी दिसत्यात. गाडीचं पुस्तक चार सांगतंय. डबा वाचा."

मी वाचला. नाना माझ्या तोंडाकडे बघत होते, गाडीवाल्यांकडे बघायचे तसे. मी परत वाचला, आकडा बदलेल म्हणून.

"नाना, पाच आहे."

त्यांनी डोळे मिटले. मग ते तेल सगळं काढलं. मी चार नंबरचा डबा दोनदा मोठ्यानं वाचला, त्यातल्या तेलानं नानांनी आतनं धुतलं, मग नवं भरलं. जोडप्याला बोलावून सांगितलं, "पावणं, माझी चूक झालती. आता बराबर हाय, बाईंनी वाचलंय." तो पोरगा हसून म्हणाला, "काय न्हाय होत वो नाना!" नाना हसले नाहीत. गाडी गेल्यावर त्यांनी पाने पुसून पेटीत ठेवले, शटर ओढलं आणि किल्ली खिशात घातली. भरदुपारी, चालतं गॅरेज. पुन्हा ते उघडलं नाही.

आठवड्यानं मीच त्यांना लेकीकडे सोडायला निघाले. मागच्या सीटवर त्यांची ट्रंक आणि भडंगाची पिशवी. मलकापूर गेलं, आंबा आलं. घाट सुरू होतो तिथं मी सवयीनं गाडी बाजूला घेतली. नानांच्या पायांना आता चपलेतला खडासुद्धा कळत नव्हता. तरी मी म्हटलं, "नाना, उतरणार?"

त्यांनी खाली जाणाऱ्या रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाई, अजून भ्या वाटतंय न्हवं?"

"वाटतंय की, नाना. आत्तासुद्धा पोटात गोळा आलाय."

नानांनी दार आतून नीट ओढून घेतलं. एका हातानं वरची कडी धरली, घट्ट, बोटं पांढरी पडेपर्यंत.

"मग चला," म्हणाले. "दुसऱ्यात."